विद्युत उपकरणांतील वायुसंवेदनासाठी द्विमितीय पदार्थांचे संगणकीय प्रतिमान

विद्युत उपकरणांतील वायुसंवेदनासाठी द्विमितीय पदार्थांचे संगणकीय प्रतिमान हा संगणकीय पदार्थविज्ञान आणि उच्च विद्युतदाब अभियांत्रिकी या दोन शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. रोहित्र किंवा स्विचगियर यांसारख्या उपकरणांत बिघाड सुरू झाला की आतील तेल, कागद किंवा विद्युतरोधक वायू यांचे विघटन होते आणि काही ठरावीक वायू अल्प प्रमाणात तयार होतात. एका किंवा मोजक्या अणुथरांच्या जाडीचा एखादा पदार्थ हे वायू ओळखू शकेल काय, याचा अंदाज प्रत्यक्ष संवेदक तयार करण्यापूर्वी पुंजयामिकीवर आधारलेल्या गणिताने बांधणे, हे या अभ्यासाचे उद्दिष्ट होय. यासाठी मुख्यतः घनता-फलनक सिद्धांताचा, म्हणजेच डेन्सिटी फंक्शनल थिअरीचा वापर केला जातो. अशा गणिताचे स्वरूप चाळणीसारखे असते. कोणता पदार्थ प्रयोगशाळेत तयार करून पाहण्याजोगा आहे हे त्यातून कळते. तो उपकरणात वर्षानुवर्षे टिकेल की नाही, हे मात्र प्रयोगानेच ठरते.

पार्श्वभूमी

रोहित्रातील वायू

मोठ्या रोहित्राची वेटोळी सामान्यतः कागदाने गुंडाळलेली व खनिज तेलात बुडवलेली असतात. तेल विद्युतरोधनाचे आणि उष्णता वाहून नेण्याचे अशी दोन्ही कामे करते. बिघाडामुळे उष्णता किंवा ठिणगी निर्माण झाली की तेलातील हायड्रोकार्बनांचे रेणू तुटतात. कोणता बंध तुटणार व तुकडे पुन्हा कसे जुळणार हे मिळणाऱ्या ऊर्जेवर अवलंबून असल्याने तयार होणारा वायू हा बिघाडाच्या प्रकाराची खूण ठरतो.

- आंशिक विसर्जनात प्रामुख्याने हायड्रोजन तयार होतो.
- तेल तुलनेने कमी तापमानाला तापत राहिल्यास मिथेन व ईथेन यांचे प्रमाण वाढते.
- तापमान बरेच वाढल्यास एथिलीन प्रमुख ठरते.
- विद्युत प्रज्योत निर्माण झाल्यास ॲसिटिलीन आढळते.
- कागद जळू किंवा कुजू लागल्यास कार्बन मोनॉक्साइड व कार्बन डायऑक्साइड वाढतात.

जर्मन अभियंता माक्स बुखोल्झ याने १९२१ मध्ये शोधलेला बुखोल्झ रिले तेलातून वर येऊन साठलेल्या वायूमुळे कार्यान्वित होतो. मात्र वायूचे बुडबुडे निघेपर्यंत बिघाड बराच पुढे गेलेला असू शकतो. त्याआधीच तेलात विरघळलेले वायू मोजण्याच्या पद्धतीला विरघळलेल्या वायूंचे विश्लेषण म्हणतात. तेलाचा नमुना हवाबंद पिचकारीत घेऊन प्रयोगशाळेत वायुवर्णलेखनाने, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीने तपासला जातो. कॅनडातील हायड्रो-क्वेबेकचे मिशेल दुव्हाल यांनी १९७० च्या दशकात मांडलेला दुव्हाल त्रिकोण मिथेन, एथिलीन व ॲसिटिलीन यांच्या परस्परप्रमाणावरून बिघाडाचा प्रकार सांगतो.

या पद्धतीची उणीव दोन नमुन्यांमधील काळात आहे. नमुना घेतल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात सुरू झालेला बिघाड पुढच्या नमुन्यापर्यंत लक्षात येत नाही. ॲसिटिलीनसारख्या वायूचे तर दशलक्षात काही भाग एवढे प्रमाणही चिंताजनक मानले जाते. उपकरणातच बसवता येईल असा लहान, स्वस्त व अखंड काम करणारा संवेदक हवा, ही गरज यातून निर्माण झाली.

सल्फर हेक्झाफ्लोराइडची विघटनजन्य द्रव्ये

बंदिस्त स्विचगियरमध्ये विद्युतरोधनासाठी सल्फर हेक्झाफ्लोराइड वापरतात. आंरी म्वासाँ व पॉल लबो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो प्रथम तयार केला. तो रंगहीन, गंधहीन व हवेच्या सुमारे पाचपट जड असून समान दाबाला त्याची विद्युतरोधन क्षमता हवेच्या सुमारे अडीचपट असते. मात्र शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तेवीस हजार पटींहून अधिक असल्याने १९९७ च्या क्योटो करारातील सहा हरितगृह वायूंत त्याचा समावेश झाला. युरोपीय संघाने २०२४ च्या नियमावलीद्वारे नव्या स्विचगियरमधील फ्लोरिनयुक्त वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले आहे. तरीही आधीच बसवलेली उपकरणे अनेक दशके सेवेत राहणार असल्याने त्यांच्या देखरेखीचा प्रश्न उरतो.

उपकरणात विसर्जन झाल्यास या वायूचे रेणू तुटतात. पुष्कळसे तुकडे पुन्हा जुळून मूळ वायू बनतो; परंतु आत ओलावा व ऑक्सिजनचा अंश असेल, तर थायोनिल फ्लोराइड, सल्फ्युरिल फ्लोराइड, सल्फर डायऑक्साइड व हायड्रोजन फ्लोराइड ही द्रव्ये तयार होतात. काही बिघाडांत हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. यांपैकी कित्येक द्रव्ये विषारी वा क्षरणकारक आहेत. त्यामुळे ती ओळखणे उपकरणाइतकेच ते उघडणाऱ्या कामगारांच्या सुरक्षिततेसाठीही महत्त्वाचे असते.

द्विमितीय पदार्थ

ज्या पदार्थाची जाडी एका किंवा मोजक्या अणुथरांएवढी असते त्यास द्विमितीय पदार्थ म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये ग्राफाइटपासून कार्बनचा एक-अणू जाडीचा थर वेगळा करून त्याचे विद्युत गुणधर्म दाखवून दिले. या ग्राफीनवरील प्रयोगांबद्दल त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइड व त्याच्या वर्गातील इतर संयुगे, काळ्या फॉस्फरसपासून मिळणारे फॉस्फोरीन, तसेच अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात २०११ मध्ये प्रथम तयार झालेले मॅक्सीन हे पदार्थ अभ्यासकांपुढे आले.

वायुसंवेदनासाठी हे पदार्थ आकर्षक ठरण्याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. जाड पदार्थात बहुसंख्य अणू आत दडलेले असतात आणि वायूचा स्पर्श फक्त पृष्ठभागाला होतो. द्विमितीय पदार्थ जणू सारा पृष्ठभागच असतो. एक ग्रॅम ग्राफीनचे सैद्धांतिक पृष्ठफळ सुमारे २,६३० चौरस मीटर भरते. त्यामुळे पृष्ठावर बसलेल्या थोड्याशा रेणूंमुळेही पदार्थाच्या विद्युतरोधात मोजण्याजोगा फरक पडू शकतो. ग्राफीनवर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसल्याची वा सुटल्याची नोंद मँचेस्टरच्याच गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केली.

सैद्धांतिक आधार

एखाद्या पदार्थातील सर्व इलेक्ट्रॉनांचे श्रोडिंगर समीकरण नेमकेपणाने सोडवणे इलेक्ट्रॉनांची संख्या वाढताच अशक्यप्राय होते. पिएर होहेनबर्ग व वॉल्टर कोन यांनी १९६४ मध्ये असे सिद्ध केले की, प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा स्वतंत्र मागोवा न घेता अवकाशातील इलेक्ट्रॉन-घनता ठाऊक असल्यास पदार्थाच्या न्यूनतम अवस्थेची ऊर्जा ठरते. १९६५ मध्ये कोन व लू शाम यांनी या सिद्धांताला प्रत्यक्ष आकडेमोडीस योग्य असे रूप दिले. या कार्याबद्दल कोन यांना १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

या सिद्धांतातील एक घटक, विनिमय-सहसंबंध ऊर्जा, अचूक स्वरूपात ज्ञात नाही. तो अंदाजानेच घ्यावा लागतो. जॉन पर्ड्यू, किएरॉन बर्क व मॅथियास एर्नझरहोफ यांनी १९९६ मध्ये सुचवलेला अंदाज या क्षेत्रात सर्वाधिक रूढ आहे. तथापि वायूचा रेणू व पृष्ठ यांच्यातील क्षीण व्हान डर वाल्स आकर्षण त्यात नीट येत नाही. म्हणून स्टेफान ग्रिमे यांनी २००६ व २०१० मध्ये दिलेल्या दुरुस्त्यांसारखी एखादी भर त्यात घालतात. या दुरुस्तीवाचून काढलेली उत्तरे मिथेनसारख्या क्षीणपणे बसणाऱ्या वायूच्या बाबतीत विश्वसनीय मानली जात नाहीत.

प्रतिमानाची रीत

प्रथम पदार्थाचा एक लहान तुकडा निवडतात आणि तो दोन्ही दिशांना अनंतवार पुनरावृत्त होतो असे मानतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे चार गुणिले चार एकक घेतल्यास त्यात मॉलिब्डेनमचे १६ व गंधकाचे ३२ असे ४८ अणू येतात आणि तुकड्याची बाजू सुमारे १.२६ नॅनोमीटर भरते. थरांची एकमेकांवर छाया पडू नये म्हणून उभ्या दिशेत दीड ते दोन नॅनोमीटर पोकळी ठेवतात.

त्यानंतर वायूचा रेणू पृष्ठावरील वेगवेगळ्या जागी व वेगवेगळ्या स्थितींत ठेवून पाहतात. प्रत्येक वेळी अणूंवरील बल जवळजवळ शून्य होईपर्यंत संगणक त्यांच्या जागा बदलत जातो. सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी ही रेणूची संभाव्य बैठक मानली जाते. या कामासाठी व्हिएन्ना येथे विकसित झालेली व्हॅस्प, तसेच मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेली क्वांटम एस्प्रेसो यांसारख्या आज्ञावली वापरल्या जातात. रूढ पद्धतीत आकडेमोडीचा बोजा इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तुकडा दुप्पट केला की काम सुमारे आठपट होते. त्यामुळे ही गणिते बहुधा महासंगणकावर करतात. भारतात राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली उभारलेल्या यंत्रणांवर, उदाहरणार्थ पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्मवर, पदार्थविज्ञानाची आकडेमोड केली जाते.

अधिशोषण ऊर्जा आणि मुक्तिकाल

रेणू पृष्ठावर बसण्याच्या क्रियेस अधिशोषण म्हणतात. रेणूसह पृष्ठाची एकूण ऊर्जा काढून तीतून मोकळ्या पृष्ठाची व मोकळ्या रेणूची ऊर्जा वजा केली असता अधिशोषण ऊर्जा मिळते. ती ऋण असेल, तर रेणू बसणे ऊर्जेच्या दृष्टीने अनुकूल असते. पुढील विवेचनात तिचे केवळ परिमाण घेतले आहे.

ही ऊर्जा फार कमी असून चालत नाही आणि फार जास्त असूनही चालत नाही. कमी असल्यास रेणू क्षणभरही टिकत नाही व संवेदकाला त्याची जाणीव होत नाही. जास्त असल्यास तो कायमचा चिकटतो आणि संवेदक एकदाच वापरता येतो. पृष्ठ पुन्हा मोकळे होण्यास लागणारा काळ, म्हणजे मुक्तिकाल, अधिशोषण ऊर्जेबरोबर घातांकी वेगाने वाढतो. रेणू सुटण्याचा प्रयत्न सेकंदाला एक लाख कोटी वेळा करतो असे रूढ गृहीत धरल्यास सुमारे २७ अंश सेल्सियस तापमानाला पुढील अंदाज मिळतात.

- ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट: सेकंदाचा सुमारे चार हजारावा भाग
- ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट: सुमारे २८ सेकंद
- १.० इलेक्ट्रॉन-व्होल्ट: सुमारे साडेसतरा तास
- १.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट: सुमारे साडेचार वर्षे

तापमानाचा परिणामही तितकाच तीव्र असतो. १.० इलेक्ट्रॉन-व्होल्टसाठीचा साडेसतरा तासांचा काळ ८० अंशांना सुमारे तीन मिनिटांवर आणि १२५ अंशांना सुमारे पाच सेकंदांवर येतो. कार्यरत रोहित्रातील तेल सभोवतालच्या हवेपेक्षा बरेच तापलेले असते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला निरुपयोगी वाटणारा पदार्थ तेथे उपयोगी ठरू शकतो. याउलट खोलीत योग्य वाटणारा पदार्थ रेणूला पुरेसा वेळ धरून ठेवत नाही, असेही घडू शकते.

संवाहकतेतील बदल

रेणू बसणे पुरेसे नसते. त्याच्या बसण्याने पदार्थाच्या विद्युत गुणधर्मात फरक पडावा लागतो. रेणू व पृष्ठ यांच्यात किती विद्युतभार देवघेव झाला आणि पदार्थातील ऊर्जापट्ट्यांमधील अंतर किती बदलले, हे त्यासाठी पाहतात. नायट्रोजन डायऑक्साइडसारखा वायू पृष्ठाकडून इलेक्ट्रॉन घेतो, तर अमोनियासारखा वायू सहसा इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे एकाच पदार्थाचा विद्युतरोध एका वायूने वाढतो व दुसऱ्याने घटतो.

शुद्ध अर्धसंवाहकाची संवाहकता ऊर्जापट्ट्यांमधील अंतरावर घातांकी रीतीने अवलंबून असते. हे अंतर ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टने कमी झाले, तर खोलीच्या तापमानाला संवाहकता सुमारे सातपट होईल असे गणित सांगते. अनेक शोधनिबंधांतील संवेदनक्षमतेचे आकडे या सूत्रावरून काढलेले असतात. प्रत्यक्ष नमुन्यांतील विद्युतवहन मात्र बहुधा अशुद्धी, दोष व धातूच्या जोडांमुळे ठरते. त्यामुळे हे आकडे तुलनेसाठी उपयुक्त असले, तरी प्रत्यक्ष मापनाचे भाकीत म्हणून ते स्वीकारता येत नाहीत.

धातूच्या अणूंची जोड

निर्दोष ग्राफीन किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड यांच्या पृष्ठावर हायड्रोजन, मिथेन यांसारखे वायू फार क्षीणपणे बसतात. ही ऊर्जा काही शतांश ते एक-दोन दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच असते. म्हणून पृष्ठावर पॅलॅडियम, प्लॅटिनम, निकेल, ऱ्होडियम, चांदी अशा धातूंचे एकेक अणू बसवून किंवा मूळ अणूच्या जागी ते घालून आकर्षण वाढवता येईल काय, हे तपासतात. चीनमधील विद्यापीठांतील विद्युत अभियांत्रिकीच्या गटांनी या प्रकारचे विपुल संशोधन प्रसिद्ध केले आहे.

या रचनेबाबत महत्त्वाचा प्रश्न स्थैर्याचा असतो. धातूचे अणू पृष्ठापेक्षा एकमेकांना अधिक घट्ट धरत असतील, तर ते विखुरलेले न राहता गोळा होऊन बारीक कण बनवण्याकडे झुकतात. पॅलॅडियमच्या घन स्वरूपात ही पकड दर अणूमागे सुमारे ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तर प्लॅटिनममध्ये सुमारे ५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. पृष्ठाशी असलेली बंधन ऊर्जा याहून कमी असल्यास संगणकात दाखवलेला सुटा अणू प्रयोगशाळेत तसाच मिळेल याची खात्री राहत नाही. पृष्ठावर पुढे सरकण्यासाठी अणूला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठाही म्हणूनच मोजावा लागतो.

मर्यादा व टीका

या पद्धतीची बहुतेक गणिते निरपेक्ष शून्य तापमान, निर्वात अवकाश, दोषरहित पृष्ठ आणि वायूचा एकच रेणू अशा परिस्थितीसाठी केलेली असतात. रोहित्रात किंवा स्विचगियरमध्ये यांपैकी एकही अट पूर्ण होत नाही. तेथे पाण्याचे व ऑक्सिजनचे रेणू, तेलाची वाफ आणि इतर वायू पृष्ठावरील त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. फॉस्फोरीनसारखा पदार्थ तर उघड्या हवेतच खराब होतो. लक्ष्य वायू पाण्यापेक्षा घट्ट बसतो काय, हे न तपासता पदार्थाची शिफारस करणे अपुरे समजले जाते.

दुसरी मर्यादा अचूकतेची आहे. या सिद्धांताच्या रूढ रूपांत अधिशोषण ऊर्जेत ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक असामान्य नाही. वर दिलेल्या सूत्रात एवढ्या चुकीमुळे खोलीच्या तापमानाचा मुक्तिकाल सुमारे ४८ पटींनी बदलतो. अर्धा मिनिट सांगितलेला काळ प्रत्यक्षात वीस मिनिटांहून अधिक किंवा एका सेकंदाहून कमी असू शकतो. त्यामुळे सेकंदांच्या दशांशापर्यंत दिलेले मुक्तिकाल वाचताना त्यांची केवळ पातळी लक्षात घेणे इष्ट असते. रूढ अंदाजांत ऊर्जापट्ट्यांमधील अंतरही प्रत्यक्षाहून कमी येते. त्यासाठी अधिक खर्चिक संकरित फलनके वापरावी लागतात.

पृष्ठाच्या स्वच्छतेचा प्रश्न प्रयोगातही निर्माण होतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की, निर्मितीच्या प्रक्रियेत ग्राफीनवर राहून गेलेला बहुवारिकाचा अवशेष काढून टाकल्यावर बाष्पांना मिळणारा त्याचा प्रतिसाद पुष्कळच क्षीण होतो. म्हणजे आधी जो गुण ग्राफीनचा समजला जात होता, त्यात त्यावरील मळाचाही वाटा होता. स्वच्छ पृष्ठाचे गणित आणि मळलेल्या पृष्ठाचे मापन जुळले, तर तो जुळाव्याचा पुरावा ठरत नाही, हा या प्रयोगाचा बोध होय.

पदार्थ, धातू व वायू यांच्या जोड्या बदलून तेच गणित पुनःपुन्हा करता येत असल्याने सैद्धांतिक निबंधांची संख्या प्रत्यक्ष तयार झालेल्या संवेदकांपेक्षा खूपच जास्त आहे, अशी टीकाही केली जाते.

सद्यस्थिती

एकेक पदार्थ निवडून तपासण्याऐवजी मोठ्या संचांची पद्धतशीर छाननी करण्याकडे आता कल आहे. लोझान येथील संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,०८,४२३ ज्ञात त्रिमितीय संयुगांची तपासणी करून त्यांपैकी १,८२५ संयुगांपासून सुटे थर मिळणे शक्य असल्याचे दाखवण्यात आले. अशा संचांवर यंत्रशिक्षणाच्या पद्धती वापरून अधिशोषण ऊर्जेचे जलद अंदाज बांधले जातात आणि निवडक पदार्थांवरच सविस्तर गणित केले जाते. उपकरणाच्या तापमानाला अणूंची हालचाल दाखवणारे आण्विक गतिकीचे प्रतिमान, तसेच आर्द्रतेच्या उपस्थितीतील स्पर्धात्मक अधिशोषणाचा अभ्यास यांनी आधीच्या गणितांतील काही उणिवा भरून काढता येतात.

रोहित्रांत सध्या वापरात असलेल्या अखंड देखरेखीच्या साधनांत हायड्रोजनसाठी पॅलॅडियमच्या मिश्रधातूंवर आधारित संवेदक आढळतात. हायड्रोजन शोषून घेण्याचा पॅलॅडियमचा गुण द्विमितीय पदार्थांच्या कितीतरी आधीपासून ज्ञात होता. नव्या पदार्थांना स्थान मिळवायचे असेल, तर त्यांना या प्रस्थापित साधनांइतकाच दीर्घ टिकाऊपणा सिद्ध करावा लागेल. त्याचबरोबर ॲसिटिलीन व एथिलीन यांसारखे वायू हायड्रोजनापासून वेगळे ओळखण्याची क्षमताही दाखवावी लागेल. कारण बिघाड आहे एवढे कळणे पुरेसे नसते. रोहित्र चालू ठेवावे की तत्काळ बंद करावे, हा निर्णय बिघाड कोणता आहे यावर अवलंबून असतो.

हेही पाहा

- रोहित्र
- ग्राफीन
- मॉलिब्डेनम डायसल्फाइड
- सल्फर हेक्झाफ्लोराइड
- पुंजयामिकी
- अधिशोषण